पाच सूर आणि एक फुली

ऑपरेटरबाईंनी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी सिंथेसायझर शिकायला घेतला, तेव्हा त्यांच्या लेकीला वाटलं, आईचं काहीतरी बिनसलंय. वाटणारच. ज्या बाईने तीस वर्षं त्या वाद्याला हात लावला नाही, त्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, कायम 'ते धूड' म्हणून त्याचा उद्धार केला, तीच बाई एके दिवशी सकाळीच फोन करून विचारते, की अगं, त्या धुडाचं बटण पुढे असतं की पाठीमागे?

"आई, महिनाअखेरीला ते संगीतशाळेवाले न्यायला येणार आहेत," लेक म्हणाली. "आता कशाला?"

"म्हणूनच," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

महिनाअखेरीला अजून सव्वीस दिवस होते. त्या दिवशी बाई तिसऱ्या मजल्यावरचं हे घर सोडून लेकीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. गुडघे जिन्याला नको म्हणू लागले होते. लेकीच्या घरी लिफ्ट होती, बाईंसाठी वेगळी खोली होती, आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत वाद्यालाही जागा होती. पण बाईंनी स्वतःच मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं होतं, की नको ते ओझं, देऊन टाका कुणालातरी. शब्द गेला होता, आणि दिलेला शब्द मागे घेणं बाईंच्या रक्तात नव्हतं. सगळ्या भानगडीचं मूळ तेच होतं.

ते मूळ जरा उकरून पाहायला हवं.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या. त्यांच्या उमेदीच्या काळात दूरगावचे कॉल हाताने जोडावे लागत. एका लांबलचक बोर्डापुढे उंच स्टुलांवर सहा जणी ओळीने बसत, डोक्याला हेडफोन, हातात दोऱ्या. दिवा लागला की दोरी खुपसायची, 'नंबर सांगा' म्हणायचं, दुसरी दोरी दुसरीकडे खुपसायची. आठ तास. कानात लोकांची भांडणं, बाळंतपणाच्या बातम्या, कुणाचं हसणं, कुणाचं नुसतंच 'हॅलो, हॅलो'. ड्यूटी संपली तरी कान वाजत राहायचे. त्या सहाजणींची आठवण निघाली, की बाईंचा चेहरा आजही उजळतो. दुपारच्या चहाला सहाही जणी एकदम उठायच्या आणि सुपरवायझरच्या तोंडचं पाणी पळायचं. काय दिवस होते!

बाईंच्या नवऱ्याचं काम बरोबर उलटं. बाई त्यांना 'हे' म्हणत. आपणही तेच म्हणू. हे एका हॉटेलच्या नाचाच्या हॉलमधल्या ऑर्केस्ट्रात वाजवत. संध्याकाळी पाचला जात, बाई झोपल्यावर परत येत. बाई सकाळी सहाला निघत, तेव्हा हे गाढ झोपलेले. म्हणजे संसार चालायचा तो दुपारी अडीच ते पाच. बाई अडीचला घरी येत, आणि नेमके तेव्हाच हे सरावाला बसलेले असत.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ते धूड घरात आलं. सहा आवाजांचा ॲनालॉग सिंथेसायझर, लाकडी कडांचा, एकट्याला न उचलणारा. ह्यांनी आणि ड्रमवाल्या मित्राने तो जिन्याने वर चढवला तेव्हा दोघांच्याही नाकी नऊ आले होते. पहिल्याच आठवड्यात बाई ड्यूटीवरून आल्या, डोकं ठणकत होतं, आणि खोलीत ते धूड घुमत होतं. बाई दारातूनच कडाडल्या, "आठ तास कानात लोकांचे आवाज, आणि आता घरातही? घरात तरी जरा शांतता हवी मला!"

ह्यांनी लगेच हात उचलला, बटण बंद केलं, चहा ठेवायला उठले. त्या दिवसापासून बाई घरात पाऊल ठेवायच्या आत वाद्य गप्प झालेलं असायचं. ह्यांनी जणू कानाला खडा लावला.

आणि इथे गंमत आहे, गंमत कसली, बाईंच्या जिवाला लागलेली गोष्ट आहे. दोन महिन्यांनी एकदा बाई जिना चढत होत्या, आणि वरून एक धून ऐकू आली. सूर हळूच उगवायचे आणि लांबत विरून जायचे. थोडंसं वाजायचं, मग दम घ्यायचं, मग पुन्हा वाजायचं. बाई दुसऱ्या मजल्याच्या वर, वळणापाशी थबकल्या. वर गेलो तर बंद होईल, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्या तिथेच पायरीवर बसल्या, पर्स मांडीवर घेऊन. धून संपल्यावर उठल्या, वर गेल्या. हे चहा ठेवत होते.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. पुढची जवळजवळ वीस वर्षं तसंच.

आता कुणीही विचारेल, की बाई, नवऱ्याला सांगायचंत ना, की मला आवडतं, वाजवा! पण एकदा तोंडातून 'शांतता हवी' निघालं होतं. ते गिळायचं कसं? आधी वाटलं, उद्या सांगू. मग वाटलं, इतके दिवस नाही सांगितलं, आता सांगितलं तर हसतील. मग ते राहूनच गेलं. एक्स्चेंजमधला तो बोर्ड बंद झाला, बाई चौकशीच्या खिडकीवर गेल्या. ऑर्केस्ट्रा बंद पडला, हे शिकवण्या करू लागले. पण दुपारची धून चालूच होती. मग बाई निवृत्त झाल्या, दिवसभर घरात राहू लागल्या, आणि पहिल्याच सोमवारी ह्यांनी वाद्यावर जाड चादर घातली. बाईंना शांतता हवी होती ना. त्यानंतर सात वर्षं ते धूड चादरीखाली उभं राहिलं, आणि गेल्या वर्षी हे गेले.

तर बाईंना एवढंच हवं होतं: घर सोडायच्या आत ती धून एकदा ऐकायची. ह्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच, त्याला आता इलाज नव्हता. पण ती धून तरी या घरात एकदा वाजायला हवी होती. वाजवायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून बाई स्वतः वाजवणार होत्या.

बटण पाठीमागे होतं. बाईंनी ते दाबलं, एक पट्टी दाबली, आणि असा काही आवाज निघाला, की समोरच्या इमारतीतल्या शेजारणीने खिडकी लावून घेतली. दुसरी पट्टी दाबली तर ती पहिलीशी भांडत होती. बाईंनी कपाटातून वह्या, कागद उपसले. माहितीपुस्तिका मिळाली नाही, पण एका दुरुस्तीवाल्याचं कार्ड मिळालं. फोन म्हणजे बाईंच्या हातचा मळ. लावला.

दुरुस्तीवाला चाळिशीचा, शांत स्वभावाचा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकू, चालू करून किती वेळ झाला?"

"आत्ताच केलं."

"मग ते थंड आहे हो. जुनं यंत्र आहे. आधी वीस मिनिटं तापू द्या. तापेपर्यंत ते सुरात बसत नाही. मग 'ट्यून' लिहिलेलं बटण दाबा, ते आपलं आपण सूर जुळवतं. तोपर्यंत चहा घ्या."

बाईंनी चहा घेतला. वीस मिनिटांनी बटण दाबलं. दिवे लुकलुकले, आत काहीतरी टकटकलं, आणि मग पट्ट्या शहाण्यासारख्या बोलू लागल्या. बाई मनात म्हणाल्या, अरे वा, हे तर माझ्यासारखंच आहे. सकाळचा चहा झाल्याशिवाय बोलायचं नाही.

पुढचे आठ-दहा दिवस शिकवणी फोनवर चालली. जगात सिंथेसायझर कुणी कसाही शिकत असेल, ऑपरेटरबाई तो खांद्याने फोन कानाशी धरून शिकल्या. मानेला त्या पोझची सवय होतीच. दुरुस्तीवाला सांगायचा, बाई ते एक्स्चेंजच्या भाषेत करून घ्यायच्या.

"हे बटण डावीकडे फिरवलं की आवाज दबतो, उजवीकडे फिरवलं की खुलतो."

"म्हणजे बोलणाऱ्याने फोनवर हात ठेवला आणि काढला."

"बरोबर! आणि ही चार बटणं. पहिल्याने सूर किती हळू उगवतो ते ठरतं, शेवटच्याने पट्टी सोडल्यावर तो किती वेळ रेंगाळतो ते."

"पहिलं म्हणजे ऑपरेटर कॉल घ्यायला किती वेळ लावते ते. आणि शेवटचं म्हणजे फोन ठेवल्यावरही माणूस कानात किती वेळ राहतो ते."

दुरुस्तीवाला म्हणाला, "काकू, हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं."

पण बाईंना सगळ्यात पटकन समजलं ते सहा आवाजांचं प्रकरण. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, की या पेटीत सहा वेगवेगळे आवाज आहेत, प्रत्येकाची सर्किटची पाटी स्वतंत्र. पहिली पट्टी दाबली की पहिला आवाज बोलतो, दुसरी दाबली की दुसरा, अशी पाळी लागते. सहाव्यानंतर पुन्हा पहिला.

"अहो, म्हणजे आमचा बोर्ड!" बाई ओरडल्याच. "आम्ही सहा जणी. कॉल पाळीने येणार. सगळ्या तेच बोलणार, 'नंबर सांगा', पण प्रत्येकीचा गळा जरा वेगळा."

"तेच तर! सहा गळे अगदी एकसारखे नसतात, म्हणून त्याचा आवाज जिवंत वाटतो."

त्या दिवशी बाईंनी सहा बोटांनी सहा पट्ट्या एकदम दाबल्या आणि बराच वेळ तशाच धरून ठेवल्या. एक आवाज जरा कर्कश लागला, पण बोर्डावरही एकीचा गळा तसाच होता. सहाही जणी आठवल्या. त्यातल्या दोघी आता नव्हत्या. बाईंना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं.

आता धून. कपाटात जी वही सापडली होती, तिच्या पहिल्याच पानावर ह्यांच्या अक्षरात नुसते आकडे होते. ह्यांना स्वरलिपी कधी आली नाही. कानाने शिकलेला माणूस. त्यांनी पट्ट्यांच्या कडेवर पेन्सिलीने बारीक आकडे घातले होते आणि वहीत तेच लिहीत. पानाच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'दुपारची'. खाली आकड्यांच्या ओळी. पाच आकडे, मग एक फुली. पुन्हा पाच आकडे, पुन्हा फुली. शेवटच्या ओळीतून एक बाण निघून पहिल्या ओळीकडे गेला होता.

बाईंना हर्ष झाला. आकडे! आकडे म्हणजे त्यांचंच राज्य. आणि फुलीचा अर्थ तर त्या झोपेतही सांगतील. एक्स्चेंजच्या रजिस्टरात नंबरापुढे फुली म्हणजे 'उत्तर नाही, पुढचा घ्या'. बाईंनी फुल्या सोडून दिल्या आणि आकड्यांमागून आकडे लावत सुटल्या. आयुष्यात कुणालाही चुकीचा नंबर लावला नव्हता, इथे कुठला लावणार?

पाच सूर सुरेख लागले. सहावा चिरकला. मग पुन्हा पाच सुरेख, पुन्हा एक चिरका. बाईंना वाटलं आपलंच बोट चुकतंय. पुन्हा केलं. तरी तेच. पट्टी वेगळी, आकडा वेगळा, पण मोजून सहावा सूर कर्कश. बाईंनी बोटं मोजली, ओठ आवळले, फोन उचलला.

"तुमची सहावी ऑपरेटर बिघडली आहे," त्यांनी दुरुस्तीवाल्याला सुनावलं. "बाकी पाच चोख काम करतायत. ही एकटी किंचाळते."

दुरुस्तीवाला दुसऱ्या दिवशी स्वतः आला. झाकण उघडलं, सहाव्या पाटीवरचा एक इवलासा स्क्रू बारीक पेचकसाने जरासा फिरवला, ऐकलं, अजून जरासा फिरवला. दहा मिनिटांत काम झालं. झाकण लावता लावता तो म्हणाला, "काकू, काका स्वतः याची दुरुस्ती करायचे ना? सगळ्या स्क्रूंवर त्यांच्या खुणा आहेत. बाकीचे पाचही त्यांनी वेळोवेळी जुळवलेत. हा एकच कसा राहिला त्यांच्या हातून?"

"विसरले असतील."

"इतकी वर्षं?" तो हसला. मग वहीत डोकावून म्हणाला, "आणि या धुनेचा शेवट कुठे आहे?"

"असेल कुठेतरी. तुम्ही चहा घ्या."

तो गेल्यावर बाई बसल्या आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही चिरका सूर न येता, वाजवलं. सगळे आकडे बरोबर, सगळे सूर गोड. आणि ती धून ती नव्हतीच.

बाईंनी पुन्हा वाजवली. हळू वाजवली, जलद वाजवली. सूर तेच होते, पण नळाची धार सुटावी तशी ती वाहत सुटायची. जिन्यातली धून थांबत असे, दम घेत असे. बाई तीन दिवस त्या आकड्यांशी झोंबत राहिल्या. चौथ्या दिवशी त्यांनी हात मांडीवर ठेवले. आपल्याच आठवणीने आपल्याला फसवलं, असं त्यांना वाटलं. कदाचित थकल्या कानांना काहीतरी गोड ऐकू यायचं आणि आपण वीस वर्षं त्याला धून समजत आलो. नवरा गेला, आणि त्याचं जे एकच आपल्या मनात खरं होतं, तेही हातचं गेलं. इतकं रितं त्यांना तो गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं. महिनाअखेरीला सहा दिवस उरले होते.

अशा वेळी ड्रमवाले भावजी टपकले. ऑर्केस्ट्रात त्यांना सगळे 'धडाम' म्हणत, आणि सत्तरीतही नाव सार्थ होतं. ते दार वाजवत नसत, बडवत असत. बाई घर सोडणार म्हणून भेटायला आले होते. आल्या आल्या त्यांनी वाद्याकडे पाहून हात जोडले.

"वहिनी, याने माझी कंबर घेतली. जिना आठवतोय ना? आणि हे काय, चालू आहे?"

बाईंनी काही न सांगता वाजवून दाखवलं. भावजी डोकं तिरपं करून ऐकत होते. मग म्हणाले, "सूर बरोबर. पण फुल्या कुठे गेल्या?"

"फुली म्हणजे उत्तर नाही. सोडून द्यायचं."

भावजी इतके मोठ्याने हसले, की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. "अहो वहिनी, फुली सोडायची नसते, दाबायची असते! हे घरी आणलं, त्यानंतर महिन्याभरातच याचा सहावा आवाज बिघडला. आमच्या गोंगाटात ते खपून गेलं असतं. पण एकटं वाजवताना काय करणार? म्हणून माझ्या दोस्ताने युक्ती काढली. पाच सूर वाजवायचे, मग पायाने आवाजाचं पेडल मिटायचं आणि कुठलीही एक पट्टी दाबायची. सहावा काय किंचाळायचा तो आतल्या आत किंचाळू दे, बाहेर काही ऐकू येत नाही. त्याची पाळी संपली की पेडल उघडायचं, पुन्हा पहिला. दाबायचं, पण ऐकू येऊ द्यायचं नाही. पेडल कुठंय?"

पेडल गच्चीच्या दाराला अडसर म्हणून लावलेलं होतं. बाईंना ते शिवणयंत्राचं वाटलं होतं. भावजींनी ते उचललं, झटकलं, वायर जोडली, बाईंच्या पायाखाली सरकवलं.

"आता तो आवाज दुरुस्त झालाय," बाई म्हणाल्या. "त्याची गरज नाही."

"मग नका वाजवू फुली."

बाईंनी फुली वाजवली. पाच सूर. पाय मागे, पेडल मिटलं, एक मुकी पट्टी. पाय पुढे. पाच सूर. आणि धून आली. तीच. दम घेणारी. पुढची फुली चुकली, तरी तीच. आठवणीने फसवलं नव्हतं.

भावजी खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मी शंभरदा सांगितलं त्याला, दहा मिनिटांचं काम आहे, दुरुस्त कर. तर म्हणायचा, राहू दे रे, ती फुली कामाला येते. आणि फुलीवर थांबायचा तरी किती! एक पट्टी दाबायला एवढा वेळ लागतो का? ताल मोडायचा सगळा. मी चिडायचो."

"कसल्या कामाला?" बाईंनी विचारलं.

"ते त्यालाच ठाऊक. सरळ उत्तर त्याने कधी दिलंय?"

घर सोडायच्या आदल्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला बाई वाद्यापुढे बसल्या. भांडी बांधून झाली होती, भिंतीवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन उरले होते. रिकाम्या घरात आवाज जास्त घुमत होता. वाद्य वीस मिनिटं तापलं होतं, सूर जुळवून झाले होते. लेक उरलेलं सामान भरायला खोकी घेऊन येणार होती. बाईंनी वही उघडलीच नाही. आकडे आता बोटांत होते.

पाच सूर. पेडल मिटलं. फुली. त्या रिकाम्या जागेत बाईंना खाली कुठेतरी चपलांचा आवाज आला. पेडल उघडलं, पाच सूर. पुन्हा मिटलं, तर चपला पहिल्या मजल्यावर. दार बंद होतं, तरी या स्टुलावर, या भिंतीशी बसलं की जिन्यातली एकेक पायरी स्वच्छ ऐकू येत होती. जिन्याची भिंत आणि ही भिंत एकच होती. बाई या घरात एकतीस वर्षं राहिल्या, पण या जागी बसून वाजवता वाजवता त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

पाच सूर. फुली. चपला दुसऱ्या मजल्यावर आल्या. चाल लेकीचीच, डावा पाय जरा घासत. पाच सूर. फुली. आता चपला वाजल्या नाहीत. खोकी जमिनीला टेकल्याचा आवाज आला. मग पायरीवर कुणी बसल्याचा, कपड्यांचा, सोडलेल्या श्वासाचा. दुसऱ्या मजल्याच्या वर. वळणापाशी.

बाईंचा पाय पेडलवर तसाच राहिला. फुली लांबली. लांबतच गेली.

त्यांना माहीत होतं.

वीस वर्षं ह्यांना रोज माहीत होतं. बाई कधी येतात, कुठे थांबतात, कधी बसतात. पर्स मांडीवर घेतल्याचाही आवाज येत असेल. आणि बाईंना आता दिवसांमागून दिवस आठवू लागले. कधी धून पाच मिनिटांत संपायची. कधी, बोर्डावर मरणाचं काम पडलेल्या दिवशी, ती अर्धा अर्धा तास चालायची, आणि बाई डोकं भिंतीला टेकून बसून राहायच्या. त्या दिवशी बरं वाटायचं, वाटायचं आज आपलं नशीब चांगलं, आज लांबली. वहीत शेवट लिहिलेलाच नव्हता. नुसता बाण होता, पुन्हा पहिल्या ओळीकडे.

बाईंना हुंदका आला, आणि त्याच वेळी हसूही आलं. दोघंही एकाच मुशीतले, एकापेक्षा एक हट्टी. एकाने सांगितलं नाही, दुसऱ्याने विचारलं नाही, आणि रोज दुपारी दोघं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसत होते. सांगायचं राहिलं म्हणून गेलं वर्षभर बाईंनी स्वतःला इतकं खाल्लं होतं. काही राहिलं नव्हतं.

त्यांनी पेडल उघडलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. फुलीपाशी थांबून ऐकायच्या: बसली आहे. पाच सूर. फुली. अजून बसली आहे. लेकीचे दिवसही काही सोपे नव्हते; नोकरी, मुलं, आता आईचं बिऱ्हाड. बसू दे जरा. बाईंच्या पाठीला रग लागली, तरी त्या बाणामागून बाण फिरत राहिल्या. मग एका फुलीत खोकी उचलल्याची खसखस ऐकू आली. बाईंनी त्या ओळीचे उरलेले पाच सूर नीट वाजवले, शेवटचा पूर्ण विरू दिला, आणि हात उचलले.

लेक दारातून आत आली तेव्हा तिचेही डोळे ओले होते. खोकी खाली ठेवून ती म्हणाली, "आई, मी केव्हाची आलेय. वर आले असते तर तू थांबली असतीस, म्हणून संपेपर्यंत जिन्यातच बसले होते."

"नाही गं," बाई म्हणाल्या. "तू उठलीस, म्हणून संपलं."